पागेतली माती

कराड-सांगली भागात तुम्ही एसटीने हिंडला असाल तर माझ्या पोटऱ्या तुम्ही नक्की पाहिल्या आहेत. त्या कुणाच्या तरी धोतराखाली आहेत. एका साखर कारखान्याच्या दारात संस्थापक उभे आहेत, त्यांचं गुडघ्याखालचं सगळं माझं. मिरजेकडच्या एका चौकात हात वर करून भाषण देणारे पुढारी आहेत, त्यांचा दंड आणि खांदा माझा. कराडच्या अलीकडे एका शाळेसमोर बंदूक धरलेला जवान आहे, तो तर मानेपर्यंत मीच आहे. मानेच्या वर मात्र मी कुठेच नाही.

माझा धंदाच असा. चित्रकारांसमोर आणि मूर्तिकारांसमोर न हलता बसायचं किंवा उभं राहायचं, आणि त्याचा पगार घ्यायचा. शहरात ह्याला मॉडेल म्हणतात. गावात हा शब्द उच्चारला की लोक माझ्या पोटाकडे बघून हसतात. म्हणून मुलीच्या सोयरिकीच्या वेळी आम्ही 'कलाकारांच्या कॉलनीत नोकरीला' एवढंच सांगितलं होतं. पाहुण्यांनी विचारलं, "म्हंजे दिवसभर काय करता?" मी खरं तेच सांगितलं, "काहीच करत नाही." पाहुणे समजूतदार निघाले. त्यांना वाटलं, सरकारी नोकरी असणार.

आमचं गाव म्हणजे एका चिमुकल्या संस्थानाची राजधानी. राजेसाहेबांना चित्रांचा नाद होता. त्यांनी गावाबाहेरचा माळ चित्रकारांना दिला, तिथे त्यांना राहायला छोटी छोटी घरं बांधून दिली. गाव त्या वस्तीला चित्रवाडी म्हणतं. चित्रवाडीच्या मधोमध राजेसाहेबांची पागा आहे, म्हणजे घोडे बांधायची लांबलचक इमारत. काळा दगड, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. घोड्यांना हवा मिळावी पण ऊन लागू नये म्हणून उत्तरेच्या भिंतीत उंचावर खिडक्यांची रांग ठेवलेली. बांधणाऱ्याने विचार केला घोड्यांचा, पण फायदा झाला चित्रकारांचा. त्यांना उत्तरेचाच उजेड लागतो, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही.

दक्षिणेच्या भिंतीत छातीएवढ्या उंचीवर लोखंडी कड्या आहेत. त्यांच्यावरून इमारतीची सगळी हकीकत सांगता येते. आधी त्यांना घोडे बांधले. संस्थान गेलं, घोडे विकले गेले आणि पागेत तालीम आली, तेव्हा कड्यांवर आम्ही लंगोट वाळत घातले. चित्रकार आले तेव्हा हात लांब धरून उभं राहणाऱ्याला आधार म्हणून कडीतून दोरी काढायला लागले. मधे काही वर्षं अर्ध्या पागेत रेशनचं धान्य होतं, तेव्हा उंदरांसाठी आणलेलं मांजर पळून जाऊ नये म्हणून कडीला बांधलेलं मी स्वतः पाहिलं आहे. कोरोनात दोन खाटांमधले पडदे कड्यांना बांधले. आता त्या घासूनपुसून रंगवल्या आहेत, प्रत्येकीखाली बारीक दिवा लावला आहे आणि लोक कडी धरून फोटो काढून घेतात.

मी ह्या इमारतीत पहिल्यांदा शिरलो तो तालमीचा पोरगा म्हणून. तातोबा वस्ताद आम्हाला शिकवायचे. पागा रिकामी पडल्यावर त्यांनीच तिच्या पूर्वेच्या टोकाला हौदा खणला होता. हौदा म्हणजे कुस्ती खेळायची मातीची जागा. बाहेरच्या माणसाला ती नुसती लाल माती वाटते. पण ती माती चाळून चाळून मैद्यासारखी करतात, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस, कापूर घालतात आणि रोज खोऱ्याने उकरतात. वर्षानुवर्षं अशी मुरली की ती मऊ होते. तिच्यावर आपटलं तरी अंग सोलत नाही, खरचटलं तरी पिकत नाही. नवा हौदा करताना त्याच्या वरच्या थरात जुन्या हौद्याची माती घालायची, ही आमच्या तालमीची रीत. पागेतली माती राजेसाहेबांच्या तालमीतून पाट्या भरभरून आणलेली, असं वस्ताद सांगत. तिथे ती कुठून आली होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

माझा गुडघा एका जत्रेतल्या कुस्तीत गेला आणि माझी पैलवानकी तिथेच संपली. त्याच सुमारास चित्रवाडीतले मोठे सर वस्तादांकडे आले. ते शिल्पकार, त्यांच्याकडे बाहेरगावची मुलं शिकायला येऊन राहत. पागेचं पश्चिमेकडचं टोक त्यांच्या वर्गाला मिळालं होतं. सर म्हणाले, "अंगानं भरलेला एक मुलगा द्या, नुसता उभा करायचा आहे." वस्तादांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या म्हादाला न्या. पळून जाणार न्हाई, गुडघा गेलाय त्याचा."

लोकांना वाटतं न हलणं म्हणजे आराम. त्यांनी एकदा हात कमरेवर ठेवून पाव तास उभं राहून पाहावं. पहिली पाच मिनिटं काही होत नाही. मग ज्या पायावर भार आहे तो दुखायला लागतो, मग बधिर होतो, आणि मग तो आपला राहतच नाही. श्वास पोटात घ्यायचा. छातीत घेतला की खांदे हलतात आणि कोपऱ्यातला कुणीतरी चुकचुकतो. डोळे एका खुणेवर ठेवायचे. माशी बसली तर बसू द्यायची. विश्रांतीला खाली उतरण्याआधी एक मुलगा येऊन आपल्या पावलांभोवती खडूने रेघ ओढतो, म्हणजे परत येऊन नेमकं तिथेच उभं राहता यावं. ह्या खडूच्या पावलांत मी हयात घालवली. आणि एक सांगतो, समोरच्या वीस माणसांपैकी एकही जण आपल्याकडे बघत नसतो. ते सगळे उजेडाकडे बघत असतात, आपण मधे असतो एवढंच.

लंगोट मी कधी सोडला नाही. सरांनी एकदाच विचारलं, मी नाही म्हणालो, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. मुंबईच्या एक बाई महिनाभर येऊन राहिल्या आणि त्यांनी माझं फक्त डावं कोपर काढलं. जाताना म्हणाल्या, "अजून सापडलं नाही हो." मी कोपर चाचपून पाहिलं, जागेवर होतं. त्या कारखान्याच्या संस्थापकांचा पुतळा मातीत तयार झाला तेव्हा पसंतीसाठी संचालक मंडळ जीप भरून आलं होतं. एक म्हातारे संचालक पुतळ्याभोवती फिरले आणि हळूच म्हणाले, "सायबांच्या पोटऱ्या अशा न्हवत्या. साहेब गाडीतनं खाली कवा उतरलेच न्हाईत." बाकीच्यांनी विचार केला आणि 'राहू द्या, बरं दिसतंय' असं ठरलं. मी बाजूला चहा पीत उभा होतो. मला कुणी ओळखलं नाही, पोटऱ्या समोर असूनही.

ह्याचं मला वाईट वाटायचं का? वाटायचं. कागदावर माझा चेहरा पुष्कळ मुलांनी काढला, पण शिकाऊ मुलांचे ते कागद, त्यांची पुढे रद्दीच होते. पुतळा करायची वेळ आली की फोटोतून दुसऱ्याचं डोकं यायचं. तो शाळेपुढचा जवान बसवला त्या दिवशी मी गर्दीत होतो. त्याची आई पुतळ्याच्या पायांना मिठी मारून रडली. ते पाय माझे होते. त्या वेळी मला माझ्या चेहऱ्याचं काही वाटलं नाही, उलट पाय कामी आले ह्याचं बरं वाटलं. पण घरी आल्यावर आरशात बघितलं, हेही खरं आहे.

पुढे तालमीत पोरं येईनाशी झाली. काही सैन्यात गेली, काही कराडला आणि सांगलीला मॅटवर खेळायला गेली. शेवटी वस्तादांनी पागा सोडली, पण सोडताना सरांना एकच अट घातली, हौद्यातली माती उपसायची नाही. सरांनी हौद्यावर जाड फळ्या टाकून घेतल्या. तिथला उजेड सगळ्यांत चांगला, म्हणून मॉडेलचा चौथरा त्या फळ्यांवरच आला. म्हणजे ज्या मातीत मी कुस्ती शिकलो, तिच्याच डोक्यावर पुढची सगळी वर्षं उभा राहिलो. चढताना फळीला हात लावून कपाळाला लावायची सवय होती. मुलांना वाटायचं मी कलेला नमस्कार करतो. मी खुलासा केला नाही, त्यामुळे माझ्याविषयीचा आदर फार वाढला.

दर नागपंचमीला वस्ताद यायचे. आम्ही दोघं फळ्या उचलायचो, ते खाली उतरून माती उकरायचे, ताक-हळद शिंपडायचे आणि आम्ही परत फळ्या लावून टाकायचो. "निजू दे तिला," म्हणायचे.

मग कोरोना आला. पागेत खाटा मांडल्या आणि गावातला पहिला पेशंट मीच ठरलो. माझी खाट आली चौथऱ्यावर. मी पडल्या पडल्या त्याच तुळया बघत होतो ज्यांच्याकडे बघत इतकी वर्षं उभा होतो. नर्सबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही किती शांत पडता हो." मी म्हणालो, "सराव आहे." त्या आजारात माझं नाक गेलं. वास म्हणून जो काही असतो तो आजतागायत परत आलेला नाही. मोठे सरही त्यातच गेले. वस्ताद वाचले, पण आधीच अंधुक झालेली नजर पुढच्या दोन वर्षांत पुरती गेली आणि नागपंचमीचं येणं थांबलं.

आता पागेचा जो थाट आहे तो त्यानंतरचा. चित्रवाडीच्या ट्रस्टने ठरवलं की पागेत प्रदर्शनाचं दालन करायचं, एका टोकाला कॉफीचं दुकान आणि खाली चकचकीत फरशी. त्याच वेळी गावात ग्रामपंचायतीने नवी तालीम बांधायला काढली होती. तिथे मॅटही असणार आणि हौदाही. वस्तादांनी निरोप पाठवला की पागेतली माती आता उठवायची, नागपंचमीला नव्या हौद्यात घालायची. ट्रस्टचे सेक्रेटरी नवे होते, भले होते. ते म्हणाले, "अवश्य न्या." माती कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि ते त्यांना ठाऊक असणार असं आम्ही धरून चाललो.

त्या उन्हाळ्यात अनघा नावाची मुलगी नागपूरहून चित्रवाडीत काही महिने राहायला आली. ती मातीच्या मूर्ती करते, कच्च्या मातीच्या, भाजायच्या नाहीत, आत बांबू आणि काथ्याचा सांगाडा. कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं. मी म्हणालो, बाई, आता अंग सुटलंय, गुडघा वाकत नाही. ती म्हणाली, "मला तेच हवंय काका." पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "इतकी वर्षं बसलात, मग तुमचं डोकं कुणी केलं?" मी म्हणालो, "कुणीच नाही." तिचं त्या क्षणी ठरलं असावं.

तिच्या घराच्या पडवीत मी रोज बसायचो. हात गुडघ्यांवर, मान जराशी खाली, दमून बसलेला माणूस. मूर्ती माझ्या दुप्पट मोठी. माती ओली असताना गडद दिसायची, वाळली की लालसर. तिच्याकडे बघून मला काही वाटलं नाही, आमच्या भागात लाल माती काय कमी आहे! अनघा मात्र त्या मातीवर खूश होती. "काका, अशी माती मी आयुष्यात हातात धरली नाही. लोण्यासारखी आहे. आणि हिला हळदीचा वास येतो, तुम्हाला येतो का?" मी म्हणालो, "मला आता कशाचाच येत नाही."

चेहरा शेवटी झाला. तो पूर्ण झाला त्या दिवशी मी शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, बघायला घेऊन गेलो. ती खालून वर बघत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "नाक जरा मोठं झालंय," आणि पदराने डोळे टिपले. मी त्या दिवशी जेवलो नाही. आनंदाने भूक जाते हे मला त्या वयात कळलं. दालनाच्या उद्घाटनाला ती मूर्ती मधोमध ठेवायची, असं ठरलं होतं.

नागपंचमीला थोडे दिवस राहिले तेव्हा वस्ताद नातीचा हात धरून चित्रवाडीत आले. नात श्रावणी, कॉलेजात जाते आणि मॅटवर कुस्ती खेळते. पागेला कुलूप होतं, म्हणून ते मला शोधत अनघाच्या पडवीत आले. वस्ताद पायरीवरच थांबले. त्यांनी मान वर केली आणि दोनदा जोरात श्वास घेतला.

"श्रावणे, आपण पागेत आलू का?"

"न्हाई आबा. ताईंचं घर हाय ह्ये."

"मग माझी माती हितं कशी?"

मी अनघाकडे बघितलं. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. माती कुठून आणली ते मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. तिने ऑफिसात मातीची चौकशी केली होती. ऑफिसातला माणूस म्हणाला, पागेत फळ्यांखाली शिल्पकारांची जुनी माती आहे, हवी तेवढी घ्या. ती होतीच, पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या टाकीत, फळ्या घालून झाकलेली, सरांच्या वेळची. पण अनघाने फळ्या उचलल्या त्या पूर्वेच्या, हौद्यावरच्या. शिल्पकार चांगली माती वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात, तिच्यात काय काय घालतात, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. हौद्यातला वरचा सगळा मऊ थर तिने हातगाडीवरून आणला होता. "मला वाटलं, कुणीतरी किती जपलीय," ती म्हणाली.

"जपलीच हुती पोरी," वस्ताद म्हणाले.

ते मूर्तीजवळ गेले. त्यांचा हात पोचला मूर्तीच्या पावलावर, तिथून नडगीवर, तिथून गुडघ्यावर. गुडघ्यावर हात थांबला. बाहेरच्या बाजूला आलेलं हाड त्यांनी अंगठ्याने चाचपलं.

"म्हादाचा गुडगा हाय ह्यो." मग अनघाला म्हणाले, "तोंडबी ह्येचंच हाय?"

"हो आजोबा."

"म्हंजे सगळा म्हादा." ते हसले. मला फार बरं वाटलं, पण पुढचंही मला दिसत होतं.

आम्ही किल्ली मागवून पागेत गेलो. हौद्यात उरलेल्या मातीवर ठेकेदाराच्या माणसांनी सिमेंटचा राडारोडा आणि फुटक्या फरशा टाकून जागा सपाट केली होती. वस्तादांना ते दिसत नव्हतं, मला सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, "थोडीबी न्हाई?" मी म्हणालो, "हाय ती त्या मूर्तीतच हाय."

सेक्रेटरी धावत आले, दहादा माफी मागितली, ठेकेदाराला शिव्या दिल्या आणि म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या पागेतली माती ट्रस्टची, पण तुमचा मान म्हणून आम्ही कुठूनही उत्तम माती मागवून देऊ. त्यांना वाटत होतं माती बाजारात मिळते. नव्या तालमीत नवी माती टाकलेली होतीच. श्रावणीने बाह्या वर करून कोपरं दाखवली, दोन्ही सोललेली होती. एकदाच खेळून बघितलं होतं तिने.

अनघाने विचारलं, मूर्तीचा प्लास्टरचा साचा घेऊन मग माती दिली तर? वस्ताद म्हणाले, "प्लास्टरचा कण राहिला तर पोरांच्या डोळ्यात जाईल, गं. ती माती मग भिताडाला लावायची." त्यांनी आवाज चढवला नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"म्हादा, तुझं काय म्हणणं हाय रं? तुझ्याच अंगावर हाय ती."

मी म्हणालो, "वस्ताद, राहू द्या ते."

वस्तादांना नाही म्हणायची ही माझी पहिली वेळ. ते म्हणाले, "बरं." श्रावणीचा हात धरला आणि गेले. मला ती मूर्ती हवी होती, ह्यात लपवण्यासारखं काही नाही. मी मेल्यावर कुणीतरी तिच्यासमोर उभं राहून 'हा कोण' म्हणून विचारील, एवढीच हौस होती. एवढ्या पुतळ्यांना अंग दिल्यावर ती फार मोठी मागणी आहे असं मला वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

घरी शालनला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आवं, तोंड घरात हाय की. रोज बघतीया मी." मी चिडून म्हणालो, "तू बघतेस गं." त्यावर तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

चार दिवसांनी बाजाराला जाताना नव्या तालमीवरून गेलो. दार उघडं होतं. वस्ताद हौद्यात मांडी घालून बसले होते, पुढ्यात चाळण. मूठ मूठ माती घ्यायची, बोटांनी चाळायची, खडा लागला की चाचपून बाहेर टाकायचा. शेजारी ताकाची घागर होती, हळदीची पुडी होती. माझी चाहूल त्यांना लागली.

"ये म्हादा. कच्ची हाय अजून, पर मुरंल."

"कवा मुरंल, वस्ताद?"

"लागतील की धा-बारा वर्सं." हे सांगताना ते चाळतच होते. त्यांचं वय नव्वदीकडे झुकलेलं. बोलण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, ते खरंच हिशेब सांगत होते. मी तिथे थोडा वेळ बसलो. बाजार केला नाही. तसाच चित्रवाडीत गेलो.

अनघा पडवीत नुसतीच बसलेली होती. मी म्हणालो, "बाई, उतरवू या मला."

ती म्हणाली, "मी त्याच दिवशी उतरवणार होते काका. तुम्ही राहू दे म्हणालात म्हणून हात लावला नाही." तिचंही त्यात तेवढंच जात होतं. महिन्यांचं काम, प्रदर्शनाची मधली जागा. पण तिने ते तोंडातून काढलं नाही. मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. ते माझ्याकडेही आहेत. फोटो तो फोटो.

अशी मूर्ती फोडत नाहीत. ओली पोती गुंडाळून ठेवतात, माती सैल झाली की हातांनी उतरवतात. पावलं, नडग्या, मांड्या, पोट असं करत आम्ही दोन दिवस माती घमेल्यांत काढली, काथ्याचा धागा न् धागा वेचून टाकला. मान आणि डोकं राहिलं तेव्हा अनघा उठून अंगणात गेली. मी स्टुलावर चढलो. पोतं काढलं तर चेहरा अर्धा ओघळला होता, पण ओळखू येत होता. मी त्याच्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी कपाळापासून खाली ओढून घेतलं. रडू आलं, ते मी येऊ दिलं. पडवीत दुसरं कुणी नव्हतं.

दालनाचं उद्घाटन थाटात झालं. मधल्या जागी अनघाने रिकामा बांबूचा सांगाडा ठेवला, बसलेल्या माणसाच्या आकाराचा. पाहुण्यांना तो फार आवडला, त्याच्या अर्थावर दोन भाषणं झाली. पागेतल्या फरशीत आता आपलं तोंड दिसतं, इतकी ती गुळगुळीत आहे. मी कॉफी प्यायलो, चांगली होती. ह्या इमारतीत मी घाम गाळला, उभा राहिलो, आजारी पडलो. आता पाहुणा म्हणून खुर्चीवर बसलो. घोड्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. मला परकं वाटलं, पण राग आला नाही. आमच्या आधीही तिथे कुणीतरी होतंच, आणि आम्ही आलो तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

नागपंचमीला नव्या तालमीत गाव लोटलं होतं. माती आदल्या दिवशी वरच्या थरात मिसळून झाली होती. वस्तादांनी नारळ फोडला, मूठभर माती उचलून नाकाशी नेली आणि परत खाली सोडली. पहिली कुस्ती श्रावणीची, पलीकडच्या गावच्या एका दांडग्या मुलीशी. मुलींची कुस्ती आधी लावायची, हा वस्तादांचाच हट्ट. मी हौद्याच्या कडेला, वस्तादांच्या शेजारी बसलो होतो आणि त्यांना काय चाललंय ते सांगत होतो. सांगायला फार काही मिळालंच नाही. त्या मुलीने श्रावणीला कमरेतून उचललं आणि पाठीवर आपटलं. एवढा मोठा आवाज झाला की बायका 'अगं आई' म्हणाल्या.

वस्तादांनी कोण जिंकलं ते विचारलं नाही. ते ओरडले, "श्रावणे, लागलं का गं?"

ती उठून बसली. कोपर वळवून बघितलं, पाठीवरून हात फिरवला.

"न्हाई आबा. मऊ हाय."

वस्तादांनी मान माझ्याकडे वळवली. "म्हादा, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं," मी म्हणालो.